चरबीची साखर होत नाही, मग सकाळी साखर वाढते कशी?

‘आईने रात्री भाकरी-भाजीच खाल्ली, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १५२. लिव्हर चरबीपासून साखर बनवतं का?’ असं तुम्ही विचारलंय. संशय योग्य जागी आहे, घोळ फक्त त्या ‘पासून’मध्ये आहे.

लिव्हर नवी साखर घडवतं ती लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि ग्लिसरॉलपासून. चरबीचा मोठा भाग म्हणजे फॅटी ॲसिड. ते जळताना त्याचे तुकडे होऊन ॲसिटिल-कोए नावाचा रेणू होतो आणि तिथून मागे फिरून ग्लुकोजकडे जायची वाट आपल्याकडे नाही. (शेंगदाण्याला कोंब येतो तेव्हा त्यातल्या तेलाची साखर होते. रोपांना तो आडमार्ग सापडलाय!)

मग फॅटी ॲसिडचं काम काय? सरपणाचं. पायरुव्हेटपासून (लॅक्टेट वगैरेंपासून साखर बनताना मधे लागणारा रेणू) ग्लुकोजचा एक रेणू करायला सहा एटीपींइतकी (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन) ऊर्जा लागते, ती या जळणातून मिळते. शिवाय ॲसिटिल-कोए साठलं की पायरुव्हेट कार्बोक्सिलेज हे एन्झाइम जोरात चालतं, म्हणजे पायरुव्हेट जाळण्याऐवजी साखरेकडे वळवलं जातं.

सरपण काढून घेतलं तर काय होतं, ते बिहारच्या मुजफ्फरपूरला दिसलं. २०१४ च्या लिचीच्या हंगामात तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० रुग्ण दाखल झाले, बहुतेक लहान मुलं, १२२ दगावले. लिचीतलं हायपोग्लायसिन फॅटी ॲसिडचं ज्वलनच अडवतं. दिवसभर बागेत लिच्या खाऊन पोर रात्री न जेवता झोपलं की पहाटेपर्यंत लिव्हरमधला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतो, नवी साखर करायला जळण नाही, आणि झटके सुरू. पोटभर फळं खाऊन साखर घसरते, हे ऐकताना पटतच नाही.

तुमच्या आईंचं नेमकं उलट चाललं असणार. इन्सुलिनचं एक काम चरबीच्या पेशींना आवरून धरायचं. त्याचा धाक उरला नाही की रात्रभर फॅटी ॲसिड लिव्हरकडे वाहतात आणि भट्टी विझतच नाही. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या २०११ च्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना रोज ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं, तर आठवड्यात लिव्हरमधली चरबी सुमारे ३० टक्के उतरली आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली. हे घरी करून पाहू नका, गोळ्या चालू असताना तर मुळीच नाही. रात्रीचं जेवण बंद करणंही नको.

आई रात्री कोणती गोळी घेतात आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आलंय का, तेवढं कळवा.