दिवाळी एकाच तारखेला का नाही?

हवासा, इथिओपिया
२६ ऑक्टोबर २०२५

चिमणे,

पाडव्याच्या सकाळी तू फोनवर विचारलंस, "आई, नाताळ कसा दरवर्षी पंचवीस डिसेंबरलाच येतो. मग दिवाळीचीच तारीख का सारखी बदलते? एकच असती तर तू आधीच तिकीट काढून आली असतीस ना?" मी "अगं, त्याचं असं असतं" म्हणेपर्यंत तुझ्या हातात फुलबाज्या आल्या आणि फोन आजीकडे गेला. आजीशी मी चकल्या मऊ का पडल्या यावर दहा मिनिटं बोलले. तुझा प्रश्न मात्र तसाच राहिला.

वही घे आणि लक्ष्मीपूजनाच्या या तारखा एकाखाली एक लिही: २०२३ साली १२ नोव्हेंबर, २०२४ साली १ नोव्हेंबर, यंदा २१ ऑक्टोबर. वजाबाकी कर. दोन्ही वेळा ११ दिवस येतात. आता पुढच्या वर्षीची लिही: ८ नोव्हेंबर. दोनदा मागे सरकलेली दिवाळी एकदम पुढे उडी मारते, बेडकासारखी.

याचं कारण असं की आपले महिने चंद्राचे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणून दरवर्षी ११ दिवस कमी पडतात. हे असंच चालू दिलं असतं तर आठ वर्षांत दिवाळी जुलैत गेली असती, भर पावसात, भिजलेल्या पणत्या घेऊन. (तू म्हणशील, मग बरंच की, जुलैत आई घरी असते. मलाही हे लिहिताना क्षणभर तसंच वाटलं.) ईद अशी सरकत राहते, कारण त्या पंचांगात भरपाई नाही. आपल्यात आहे, तिचं नाव अधिक मास. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलतच नाही तो महिना अधिक धरायचा, की गाडी पुन्हा रुळावर. २०२३ साली श्रावण दोनदा आला होता, आठवतं? आजोळी बाबांना तेहतीस अनारसे मिळाले आणि त्यांतले तू किती खाल्लेस ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या मे महिन्यात अधिक ज्येष्ठ आहे. बाबांची पुन्हा चैन.

तू स्वतः अधिक आषाढातली आहेस, २०१५ च्या. तुझा तिथीने वाढदिवस करायचा तर पुढचा अधिक आषाढ २०३४ मध्ये. तेव्हा केकच्या बाबतीत इंग्रजी तारखेलाच धरून राहा.

संक्रांत मात्र सूर्याची, म्हणून ती १४ जानेवारीच्या आसपासच ठाण मांडून असते.

आता तुझ्या नाताळाचं. इथे नाताळ पंचवीस डिसेंबरला नसतोच, ७ जानेवारीला असतो. त्याला गेना म्हणतात. इथलं वर्ष सप्टेंबरच्या ११ तारखेला सुरू होतं, महिने तेरा, त्यांतले बारा तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच-सहा दिवसांचा, शेपटासारखा. आणि सध्या साल चालू आहे २०१८. लक्ष्मीपूजन झालं त्या दिवशी इथल्या कॅलेंडरवर टिकिम्त महिन्याची ११ तारीख होती.

या सालावरून एक गंमत झाली. या महिन्यात माझा राहण्याचा परवाना नव्याने करायचा होता. फॉर्मवर मुलीचं जन्मसाल विचारलं होतं, मी सवयीने २०१५ लिहिलं. खिडकीमागच्या माणसाने बोटांवर मोजलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तीन वर्षांच्या लेकराला सोडून आलात?" मी हसले, खोडून त्यांच्या पद्धतीचं साल लिहिलं. तोही हसला. पण परत येताना बसमध्ये मी तोच हिशेब करत होते. तू तीन वर्षांची असतीस तर मी आले नसते. मी आले तेव्हा तू नऊची होतीस. नवव्या वर्षी मुलं समजून घेतात, असं मी ठरवून टाकलं होतं. तुला न विचारता.

घड्याळाचीही तीच तऱ्हा. इथे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक. पहिल्या आठवड्यात विद्यापीठातल्या माझ्या मुलांनी सांगितलं, "मॅडम, उद्या तास दोन वाजता." मी दुपारी दोनला खडू घेऊन हजर. वर्ग रिकामा. पोरं सकाळी आठला येऊन, वाट पाहून गेली होती. आपल्याकडे नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, एक तास कधी बुडवला नाही, कारण बुडला की पैसे बुडायचे. इथे कायमच्या पगारावर आले आणि पहिलाच तास बुडवला!

पण आपली आजी तरी काय वेगळं सांगते? "सूर्योदयाला जी तिथी, ती दिवसभराची." मी हे वर्गातल्या मुलांना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. दिवस मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना बदलतो, याचंच त्यांना नवल.

यंदा आमच्या आवारात दोन लक्ष्मीपूजनं झाली. अमावास्या सोमवारी दुपारी लागली आणि मंगळवारी संध्याकाळी संपली, त्यामुळे भारतातच दोन मतं पडली होती. वरच्या मजल्यावरच्या लखनौच्या भाभींनी सोमवारी केलं, मी आपल्या पंचांगाप्रमाणे मंगळवारी, दोन तास शिकवून आल्यावर. भाभी म्हणाल्या, "हमारी तो कार्तिक की अमावस।" मी म्हटलं, आमची आश्विनातली. दोघी बरोबर. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. चंद्र एकच, नाव वेगळं. मला फायदा असा झाला की दोन्ही दिवस गोड मिळालं.

मंगळवारी शेजारच्या इथिओपियन बाई आल्या. पणत्या पाहून त्यांनी काही विचारलं नाही, परत गेल्या आणि हिरवं गवत घेऊन आल्या. सणाला इथे जमिनीवर गवत पसरतात. मग माझ्याच स्वयंपाकघरात कॉफीचे दाणे भाजले, कुटले, आणि तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीचं नाव बरका, म्हणजे आशीर्वाद, ती घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. जेवायला शिरो होतं. आजीला सांग, शिरो म्हणजे चक्क पिठलं, फक्त जरा जास्त तिखट. लक्ष्मीपुढे पिठलं ठेवणारी आपल्या घरातली मी पहिलीच असेन.

नरक चतुर्दशीला मी पहाटे साडेचारला उठले. तेव्हा तुमच्याकडे सात वाजले होते, तुमचा फराळही झाला असेल. उटणं आजीने दिलेलं होतं. कारीट इथे कुठून आणणार? एक लिंबू डाव्या अंगठ्याखाली धरलं, ते सटकून मोरीत गेलं. दुसऱ्याने दाद दिली. साडेपाचच्या सुमाराला बाहेर आले तर पूर्वेला डोंगरावर चंद्राची कोर होती, कापलेल्या नखाएवढी. आश्विनातली ही शेवटची कोर. चतुर्दशी कोणत्या दिवशी धरायची ते याच कोरीवरून ठरतं: ती उगवताना चतुर्दशी हवी. म्हणून आंघोळ पहाटेची. नुसतं मुलांना छळायला नाही, तुला वाटतं तसं. तीच कोर दोन-सव्वादोन तास आधी तुमच्या गच्चीवरून दिसायला हवी होती. पाहिलीस का? बाबांना विचार.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. तारीख एकच असती तर आले असते का?

नाही गं. इथे विद्यापीठाचं सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. दिवाळी २१ ऑक्टोबरला असो की १२ नोव्हेंबरला, माझी मुलं वर्गात असतात आणि मी फळ्यापुढे. एकच तारीख ठरवून दिली असती तर मला एकही दिवाळी कधीच मिळाली नसती, आणि ते आपल्याला दहा वर्षं आधी कळलं असतं. तिथीला बोल लावू नकोस. सत्राचं वेळापत्रक आणि माझा करार, दोष त्यांचा. आणि करारावर सही माझी आहे.

उलट त्या सरकणाऱ्या तिथीनेच यंदा आपल्याला गणपती दिला. चतुर्थी २७ ऑगस्टला आली, म्हणून मी स्थापनेला होते, मोदकांच्या कळ्या आपण दोघींनी केल्या आणि तुझे सगळे फुटले. मला नव्या वर्षाच्या आत, सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे हजर व्हावं लागतं. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला जातो. म्हणजे तो हुकला. हे तुला आत्ताच सांगते, ऑगस्टात रडारड नको. तुझी आणि माझी.

पण तोच अधिक महिना आषाढीही पुढे ढकलतो. यंदा ती ६ जुलैला होती आणि मी १२ ला पोचले. पुढच्या वर्षी २५ जुलैला आहे. नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं की जुलैच्या पानावर त्या तारखेभोवती गोल कर. पेनने नको, पेन्सिलीने कर. रजेचा कागद अजून माझ्या हातात आलेला नाही.

तुझी,
आई