वाचकांचे प्रश्न : नरजन्माचं सार्थक आणि घराचा दस्त

प्रश्न : नुकताच निवृत्त झालो. प्रवचनात ऐकतो, मोक्ष हेच नरजन्माचं सार्थक. मग नोकरी, घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं यांत गेलेली 35 वर्षं वाया गेली का? सगळं मुलांच्या नावे करून मोकळं व्हावंसं वाटतं.

उत्तर : वाया कशी जातील? पुरुषार्थ, म्हणजे माणसानं आयुष्यात साधायची उद्दिष्टं, आधी तीनच मोजत : धर्म, अर्थ (धनसंपदा), काम. हाच त्रिवर्ग. मोक्षाची चौथी भर मागाहून पडली. कामसूत्रानं शंभर वर्षांच्या आयुष्याची वाटणीच करून दिली आहे : लहानपणी विद्या (ती ‘अर्थ’ या पुरुषार्थात मोडते), तारुण्यात काम, म्हातारपणी धर्म आणि मोक्ष. लगेच पुस्तीही जोडली आहे, की आयुष्याचा भरवसा नाही, तेव्हा जमेल तसं करावं!

मनुस्मृतीचा सहावा अध्याय याहून कडक. ऋषिऋण अध्ययनानं, पितृऋण संततीनं, देवऋण यज्ञानं फेडावं आणि मगच मोक्षात मन घालावं. ऋण ठेवून मोक्षामागे लागणारा खालीच जातो. रानाची वाट धरायची तीही अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकले केस आणि नातवंड दिसल्यावर. (हा सगळा हिशेब त्रैवर्णिक, म्हणजे ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य, पुरुषांपुरता मांडलेला आहे, हे विसरून तो वाचू नये.) म्हणजे मुलांची शिक्षणं हा तुमच्या वाटचालीतला अडथळा नव्हता, ती फेड होती.

आता रोजचं काय? गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत : शिकणं-शिकवणं, पितरांना तर्पण, होम, प्राणिमात्रांना अन्न, अतिथीचा सत्कार. घासाआधीची चित्राहुती, काकबळी, गोग्रास ही त्यांचीच घरगुती रूपं. होम जमत नसेल तर राहू द्या. शेजारच्या मुलाला तासभर गणित शिकवलं, तरी पहिला यज्ञ झाला.

मोकळं होण्याच्या भरात अर्थ मात्र सोडू नका. बक्षीसपत्र नोंदलं की घर हातचं गेलं. ते परत मिळवणं फार अवघड. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दाद मागता येते, पण त्यासाठी ‘सांभाळ करावा’ ही अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही आणि हयातीत हवं तेव्हा बदलता येतं. वैराग्य मनाचं असतं, त्याला मुद्रांक लागत नाही.

प्रश्न : घर न सोडता मोक्ष मिळत नाही का?

उत्तर : वारकऱ्यांना विचारा. अरणचे सावता माळी मळ्यात राबले, तेरचे गोरोबा चाकावर बसले, दोघेही संसारी. माळकऱ्याचे नेम मोजके : गळ्यात तुळशीची माळ, मांसाहार वर्ज्य, एकादशी, वर्षाची वारी, रोजचा हरिपाठ. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग 27, काही प्रतींत 28. बहुतेकांचा नेम मोडतो तो पहिल्याच आठवड्यात, कारण हरिपाठासोबत पारायण, जप, ध्यान सगळं एकदम अंगावर घेतलं जातं. आधी रोज पाच अभंग म्हणा, संध्याकाळच्या दिवाबत्तीला जोडून.