डिरॅक ऑपरेटरचा ‘वर्णपट’ म्हणावं का?

नागपूरला एम.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीतून टिपणं काढणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : डिरॅक ऑपरेटरच्या (सापेक्षता धरून इलेक्ट्रॉनची ऊर्जा सांगणाऱ्या गणिती क्रियेच्या) स्पेक्ट्रमला ‘वर्णपट’ म्हणावं का? त्यात रंग तर कुठेच नाहीत. मग ‘ऊर्जापट’ किंवा सरळ ‘आयगेन मूल्यांचा संच’ (ऑपरेटर लावल्यावर एखादं फलन नुसतं ज्या संख्येने गुणलं जातं, त्या संख्यांचा) का म्हणू नये?

वर्णपटच म्हणा. न्यूटनने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याला स्पेक्ट्रम म्हटलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गणितज्ञ हिल्बर्टने तोच शब्द गणितात आणला, तेव्हा पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) जन्मालाही आली नव्हती. रंग तिथेच गळून पडले होते, आणि म्हणून कुणाचं अडलं नाही. ‘ऊर्जापट’ तोकडा पडतो, कारण कोनीय संवेगाच्या ऑपरेटरलाही वर्णपट असतो आणि तिथे ऊर्जेचा काही संबंध नसतो.

‘आयगेन मूल्यांचा संच’ मात्र साफ चूक आहे. १९२८ सालचं डिरॅकचं समीकरण घ्या (रमण परिणामाचंही हेच साल, रमण विज्ञान केंद्र असलेल्या गावात हे सांगायलाच हवं). मोकळ्या इलेक्ट्रॉनसाठी या ऑपरेटरला एकही आयगेन मूल्य नाही. प्रतल तरंग समीकरणात बसतात, पण त्यांच्या वर्गाचं सगळ्या अवकाशावरचं समाकल अनंत येतं, म्हणून ते हिल्बर्ट अवकाशात (हे समाकल सांत येणाऱ्या फलनांत) मोडत नाहीत. शिक्षिकाबाईंची व्याख्या घेतली तर वर्णपट रिकामा निघेल! प्रत्यक्षात तो +०.५११ एमईव्हीपासून (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; ही इलेक्ट्रॉनची स्थिर-ऊर्जा) वर आणि −०.५११ पासून खाली असा दोन्हीकडे अनंत पसरलेला आहे. व्याख्या अशी द्यावी : ऑपरेटरमधून एखादी संख्या वजा केल्यावर उरलेल्या ऑपरेटरला सर्वत्र लागू पडणारा, परिबद्ध व्यस्त मिळत नसेल, तर ती संख्या वर्णपटात आहे. आयगेन मूल्यं यात येतातच, पण वर्णपट त्यांच्यापाशी संपत नाही.

याच कारणासाठी ‘अखंड वर्णपट’ टाळावं. वरच्या दोन पट्ट्यांमध्ये १.०२२ एमईव्हीची फट आहे. अखंड म्हणून मग खंड दाखवायचा, तर विद्यार्थी गोंधळणारच. गणितात आपण ‘संतत फलन’ म्हणतो, तसं ‘संतत वर्णपट’ म्हणावं. गॅपला ‘फट’ हा साधा शब्द पुरतो.

हायड्रोजनमध्ये या फटीत, वरच्या काठाला लागून, आयगेन मूल्यं येतात. सगळ्यात खालचं काठापासून १३.६ ईव्ही खाली, पुढची ३.४ आणि १.५१ ईव्ही खाली (सूक्ष्म विभाजन इथे सोडलंय), आणि काठाशी त्यांची अनंत दाटी होते. प्रयोगशाळेतल्या नळीत दिसणारी लाल रेषा यांपैकी कुठल्याच मूल्याची नसते. ३.४ मधून १.५१ वजा केले की १.८९ ईव्ही उरतात, ती ६५६ नॅनोमीटरची रेषा. म्हणजे दिसणारा वर्णपट हा ऑपरेटरच्या वर्णपटातल्या बिंदूंमधल्या फरकांचा असतो. शब्द एकच ठेवा, पण हे वाक्य टिपणात हवंच.

आणखी एक जोडी वेगळी ठेवायला हवी : ‘सममित’ (अंतर्गुणाकारात कुठल्याही बाजूला लावला तरी उत्तर तेच) आणि ‘स्वसंलग्न’ (शिवाय त्याचा आणि त्याच्या संलग्नाचा प्रांतही एकच). भौतिकीच्या वर्गात दोन्हींना सर्रास हर्मिशियन म्हणून मोकळे होतात, आणि जड अणूंपाशी ते अंगाशी येतं. अणुक्रमांकाला १३७.०३६ ने (सूक्ष्मरचना स्थिरांकाच्या व्यस्ताने) भागा, त्याचा वर्ग १ मधून वजा करा आणि वर्गमूळ काढा. त्याला ‘घ’ म्हणू. बिंदुरूप केंद्रकाजवळ त्रिज्य समीकरणाची एक उकल त्रिज्येच्या ‘घ’ घातासारखी वागते, दुसरी ‘उणे घ’ घातासारखी. घ अर्ध्याहून कमी झाला की दुसरीही वर्ग-समाकलनीय होते, आणि कुठली ठेवायची ते समीकरण सांगत नाही. ही वेळ ११९ पासून येते. ११८ पर्यंत ऑपरेटर आपोआप एकाच प्रकारे स्वसंलग्न ठरतो. ११९ ते १३७ मध्ये स्थितिज ऊर्जा सांत राहील अशी सीमा-अट आपण घालायची. ती घातल्याशिवाय ‘याचा वर्णपट काय?’ या प्रश्नाला अर्थच नाही. युरेनियमला (९२) ही अडचण नाही : घ ०.७४१ येतो, आणि एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या युरेनियमची बंधन-ऊर्जा ०.५११ एमईव्हीच्या २५.९ टक्के, म्हणजे सुमारे १३२ केईव्ही. सापेक्षता वगळली तर ११५च येते.

संगणकावर गणित करणाऱ्यांसाठी ‘वर्णपट-प्रदूषण’ हा शब्द मला फार योग्य वाटतो. डिरॅक ऑपरेटरला खालून सीमा नाही, त्यामुळे ‘सरासरी ऊर्जा कमीत कमी करा’ ही श्रोडिंगरच्या समीकरणाला चालणारी रीत इथे खालच्या पट्ट्यात घसरते. शिवाय मोजकीच आधारफलनं (ज्यांच्या बेरजेतून तरंगफलन उभं करतात ती) घेतली की फटीत खोटी मूल्यं उगवतात; हेच ते प्रदूषण. डिरॅकच्या तरंगफलनाला मोठा आणि लहान असे दोन घटक असतात; त्यातल्या लहान घटकाची आधारफलनं मोठ्या घटकावर संवेग-ऑपरेटर लावून काढली की खोटी मूल्यं बरीच हटतात, सगळी नव्हेत. म्हणून आधारफलनं वाढवत न्यावी, आणि फटीतलं जे मूल्य एका जागी स्थिरावत नाही ते तक्त्यात धरू नये.