झांझिबारपासून सुरुवात करा

आफ्रिकेतली गुलामगिरी वाचायला घेताय, तर अख्खा खंड एकदम अंगावर घेऊ नका. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं झांझिबार बेट धरा. तिथे लवंगेची कळी उमलायच्या आत हाताने खुडायची, मग चटईवर उन्हात वाळवायची. हंगामात माणसं लागायचीच, आणि ती मुख्य भूमीवरून पकडून आणलेली असत. १८७३ मध्ये गुलामांचा बाजार बंद झाला, १८९७ मध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली. बहुतेक नवशिके इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. मळे मालकांकडेच राहिले. सुटलेल्यांपैकी अनेकजण जमिनीच्या तुकड्यासाठी तिथेच राबत राहिले. उपपत्नी म्हणून ठेवलेल्या बायकांना तर १९०९ पर्यंत वाट पाहावी लागली. त्यांच्याबद्दल इतकं कमी वाचायला मिळतं, याचं फार वाईट वाटतं. मळेवाल्यांना कच्छी सावकारांनी दिलेली कर्जंही जरूर बघा.