ब्रिकेटचा रिपोर्ट आणि बॉयलरचा अनुभव जुळत का नाही?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल डाइंग युनिटचा बॉयलर माझ्याकडे आहे. तुराट्या-पाचट दाबून केलेल्या ब्रिकेटचा (इंधनाच्या कांड्यांचा) लॅब रिपोर्ट किलोमागे ४००० किलोकॅलरी दाखवतो, तरी वाफेचं प्रेशर टिकत नाही आणि जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचे खडे, धरतो. दोष कशाचा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: तो आकडा कोरड्या मालाचा की आलेल्या मालाचा, हे आधी रिपोर्टवर पाहा. कोरड्याचा असेल आणि ब्रिकेटमध्ये १६ टक्के ओलावा असेल, तर ४००० चे तिथेच ३३६० होतात. शिवाय ओलाव्याचं आणि इंधनातल्या हायड्रोजनपासून तयार झालेलं पाणी वाफ होऊन चिमणीतून जातं, दर किलो पाण्यामागे सुमारे ५८५ किलोकॅलरी घेऊन. हाती उरतात साधारण ३०००. ओलावा ८ टक्के असता तर ३३०० च्या वर उरले असते.

ओलावा स्वतः मोजा, अवघड नाही. खरी चूक नमुना घेण्यात होते. ट्रकच्या वरचे चार ब्रिकेट उचलू नका; ट्रक रिकामा होताना वरून, मधून, तळातून मिळून दहा ठिकाणचा माल घ्या, तळाच्या भुग्यासकट, कारण माती तिथेच साचते. सगळं फोडून ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा. किलोभर उरेपर्यंत हेच. लगेच हवाबंद पिशवीत भरा. त्यातले ३०० ग्रॅम १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ट्रे गरम असतानाच तोला, नाहीतर सुका भुगा हवेतला ओलावा परत ओढतो. २५२ ग्रॅम भरले, तर ओलावा १६ टक्के.

राख ५५० अंशांवर तपासली का, हे लॅबला आवर्जून विचारा. कोळशासारखी ८१५ अंशांवर तपासली, तर पोटॅश उडून जातं आणि राख कमी दिसते.

आता क्लिंकर. एक खडा फोडा. आतून काचेसारखा चकाकला आणि त्यात वाळूचे कण दिसले, तर मालात माती आहे. नुसती वाळू १७०० अंशांच्या वर वितळते. पिकातल्या पोटॅशची जोड मिळाली की ८००-९०० अंशांतच चिकट होते. तुराट्या मुळासकट उपटल्या की माती येतेच, पाचट शेतातून ओढताना आणखी. कटरमध्ये घालण्याआधी मुळं छाटायला आणि माल चाळायला पुरवठादाराला सांगा. किलोकॅलरीपेक्षा या अटीवर भांडणं जास्त फायद्याचं.

तुमच्याकडचा भाग हवेचा. ब्रिकेटचा ७०-८० टक्के भाग वायू होऊन जाळीच्या वर जळतो. सगळी हवा खालून मारली, तर जाळीवरचा थर तापून राख वितळते आणि वरचा वायू अर्धवट जळून धूर होतो. खालची हवा थोडी कमी करा, वरची सेकंडरी एअर वाढवा आणि दारातून ज्योतीचा रंग पाहत जुळवा.

प्रश्न: पावसाळ्यात ब्रिकेट फुगून भुगा होतात. उपाय?

उत्तर: त्यांत डिंक नसतो, दाबाने आणि उष्णतेने मऊ झालेलं लाकडातलं लिग्निनच त्यांना धरून ठेवतं. पाणी लागलं की ती पकड सुटते. फळ्यांवर वीतभर उंच रचा, ताडपत्री मालाला चिकटू देऊ नका. घेतानाच एक ब्रिकेट बादलीत टाकून पाहा: घट्ट दाबलेला बुडतो. तरंगणारा माल पावसाळ्यासाठी साठवू नका.