ड्रोनच्या जमान्यात जुनं युद्धशास्त्र काही कामाचं उरलंय का?

उरलंय, पण सरसकट सगळं नाही. (प्राचीन चिनी युद्धशास्त्रकार सन त्झूच्या नावावर व्हॉट्सॲपवर फिरणारे सुविचार मी यात धरत नाही.)

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी बेट दिसतं. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी यांनी तिथे तटबंदी घालायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजं आणून बेटाची वाट अडवली. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ तळाच्या. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागीच खिळायची आणि आपले लोक वल्ही मारत रात्रीतून सामान पोचवून परत यायचे. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला.

आता काळा समुद्र बघा. युक्रेनकडे नाव घ्यावं असं आरमार नव्हतं. तरी एप्रिल 2022 मध्ये त्यांनी किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रं डागून 'मोस्क्वा' ही रशियन युद्धनौका बुडवली आणि पुढे स्फोटकं भरलेल्या बिनमाणसाच्या होड्यांनी रशियन ताफ्याला क्रिमियातल्या सेवास्तोपोल बंदरातून बराचसा हलायला लावलं. समुद्र आपल्या ताब्यात नसला तरी शत्रूलाही तो सुखानं वापरू द्यायचा नाही, हा विचार ब्रिटिश नौदल अभ्यासक ज्युलियन कॉर्बेट यांनी 1911 मध्येच मांडला होता.

मोडीत निघालंय ते फौजा गुपचूप एका जागी गोळा करून घाव घालण्याचं गणित. वरून ड्रोन टक लावून बसलेलं असताना रणगाड्यांचा तांडा लपवणार कुठे? जुन्या प्रशियन युद्धशास्त्रज्ञ क्लाउझेवित्झचं 'युद्धात साधी गोष्टही अवघड होऊन बसते' हे मात्र जॅमिंगमुळे (शत्रूनं रेडिओ सिग्नल अडवल्यामुळे) भरकटलेलं ड्रोन शोधणाऱ्या सैनिकाला कुणी शिकवायला नको.