मृग लागला, पेरायचं का?

प्रश्न : आमची औसा तालुक्यात (जि. लातूर) कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन-तूर घेतो. बाबा मृग लागला की पेरतातच. पण हल्ली एक पाऊस पडतो, मग मोठी उघडीप आणि दुबार पेरणी. मी म्हणते मोबाईलवर अंदाज बघून पेरू, बाबा म्हणतात त्याचं तरी कुठं खरं होतं. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : ताई, बाबांना आधी नीट बोलतं करा. झड लागत नाही आता, पडला की एकदमच कोसळतो, हे त्यांनी कधीच ओळखलेलं असणार. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये तेच आकड्यांत दाखवलं, मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्यात. आणि 2025 चं बघा ना, 26 मेला म्हणजे रोहिणीतच मान्सून मुंबईत पोचला, लोकांनी पेरणीची घाई केली आणि तो जूनच्या मध्यापर्यंत जागचा हललाच नाही, पुढं सप्टेंबरात मराठवाड्यात पिकंच्या पिकं पाण्यात.

म्हणून माझं मत विचाराल तर नक्षत्रावरही नको आणि एकट्या मोबाईलवरही नको, ओल बघून पेरा. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनला हात लावायचा नाही. तोही स्वतःच्या शिवारातला, कारण जिथं सरकारी पाऊस मोजतात त्या मंडळाच्या गावाला पडतो आणि तुमच्याकडं नुसतं आभाळ येतं असं होतंच की. उभ्या सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने मोजलं तरी चालतं. मग कुदळीने खणून बघा, वरची दोन बोटं ओली आणि खाली कोरडं असेल तर थांबा, बी फुगतं, ऊन पडलं की माती तापते आणि कोंब आतच मरतो. वीतभर खाली मातीचा लाडू वळला की पेरा, तीन-चार सेंमीपेक्षा खोल नको.

बियाणं घरचं असेल तर गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ओलं ठेवा, 70 तरी उगवायलाच हवेत. सगळं बी एकदम संपवू नका, दुबारची वेळ आली तर दुकानात भाव ऐकून डोळे पांढरे होतात.

बीबीएफ पेरणी यंत्र भाड्याने मिळालं तर उत्तमच, ते रुंद वरंबा आणि बाजूला सरी पाडत पेरतं, उघडीप पडली तर ओल टिकते आणि धो धो पडला तर पाणी निघून जातं. नाही मिळालं तर चार ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा आणि पीक महिन्याचं झालं की कोळप्याला (तण काढायच्या औताला) दोरी गुंडाळून तिथं सरी पाडा, काहीच खर्च नाही याला. तूर मात्र सोडू नका, सोयाबीन गेलं तरी ती बऱ्याचदा हाताला लागते.

सुरुवात कुठल्या तुकड्यातून करायची ते बाबांनाच ठरवू द्या. रानात ओल कुठं जास्त टिकते ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, कुठल्याच ॲपला पण नाही.